घरचे भजन टिपताना

चवथ जवळ आली की धारगळच्या वाड्यावाड्यांवर संध्याकाळी घुमटाचा आवाज ऐकू येऊ लागतो. आरत्यांचा सराव सुरू होतो, बाजाची पेटी पुसून बाहेर काढली जाते, पखवाजाच्या वाद्या आवळल्या जातात. पूर्वी हे सारे कानात आणि मनात साठवून ठेवावे लागे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि प्रत्येक मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय आहे. त्यामुळे आरती सुरू झाली की पाच-सहा हात वर होतात. पण चार दिवसांनी ते ध्वनिमुद्रण ऐकायला बसावे, तर झांज तेवढी कानात घुसते, घुमटाच्या जागी फडफड ऐकू येते आणि गाणाऱ्याचे शब्द कुठेतरी तळाशी बुडालेले असतात. टिपणे सोपे झाले, पण टिपलेले ऐकणे तेवढे सोपे झाले नाही, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो ते आधी सांगतो. आमच्या घरी माझ्या आजोबांच्या भजनाची एकच कॅसेट आहे. त्यांचा आवाज त्या कॅसेटशिवाय जगात दुसरीकडे कुठेही नाही. गावातल्या एका सप्ताहात कुणीतरी हौसेने टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून ती भरली. आजोबा अभंगाची पहिली ओळ घेतात तेव्हा आवाज स्वच्छ आहे. टाळ सुरू झाले की तो एकदम मागे जातो, जणू आजोबा उठून शेजारच्या खोलीत गेले आहेत. टाळ थांबले की हळूहळू पुन्हा पुढे येतो आणि त्याच्याबरोबर मंडपातल्या पंख्याची घरघरही वर येते. त्यात एका अभंगाची चाल अशी आहे की ती आज आमच्या घरात कोणालाच येत नाही. ती शिकावी म्हणून मी ती कॅसेट कितीतरी वेळा ऐकली, पण अंतऱ्यातल्या दोन जागा टाळांखाली कायमच्या गेल्या आहेत.

यात कॅसेट भरणाऱ्याचा दोष नव्हता. त्या काळच्या बहुतेक घरगुती टेपरेकॉर्डरांत आवाजाची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा असे. आवाज वाढला की ती नियंत्रण खाली ओढी आणि शांतता झाली की वर चढवी. माणसाचे बोलणे टिपायला ही सोय चांगली. पण संगीतात लहान-मोठेपणा हाच तर अर्थ असतो. टाळाचा एक ठोका पडला की यंत्र घाबरून सगळेच खाली आणते आणि त्या सगळ्यात गाणाराही असतो. आजच्या मोबाईलमध्येही बहुधा हीच यंत्रणा नव्या रूपात बसवलेली असते. म्हणून साधन बदलले तरी दुखणे तेच राहिले.

मग पातळी म्हणजे नेमके काय? विहिरीवर कळशी भरताना आपण पाहतो. काठापर्यंत पाणी येईतो ठीक, त्यापुढे आलेले पाणी सांडून जाते आणि सांडलेले परत कळशीत येत नाही. संगणकीय ध्वनिमुद्रणात या काठाला शून्य डेसिबल म्हणतात आणि त्याखालच्या सगळ्या पातळ्या उणे आकड्यांत मोजतात. उणे ६ म्हणजे ध्वनिलहरीची उंची काठाच्या निम्मी, उणे १२ म्हणजे पाव. लहर शून्याच्या वर जाऊ पाहते तेव्हा तिचा माथा कापला जातो. गोल माथ्याची लहर सपाट होते आणि आपल्याला तडतड, फाटल्यासारखा आवाज ऐकू येतो. पुढे आवाज कमी केला तरी तो फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो एवढेच.

जुन्या फितीचा स्वभाव वेगळा होता. फितीवर आवाज थोडा जास्त गेला तर ती तो मऊपणे दाबून घेई. उलट आवाज फार कमी भरला तर फितीची स्वतःची सूं सूं त्यावर मात करी. म्हणून त्या काळी जाणकार सांगत, काटा लाल रेघेच्या जवळ ठेवा. तो सल्ला आजही पुष्कळांच्या डोक्यात पक्का आहे, पण आता तो लागू पडत नाही. सीडीच्या १६ बिट ध्वनिमुद्रणात सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर सामावते. २४ बिटमध्ये हिशेबाने ते १४४ पर्यंत जाते. आपल्या घरातल्या रातकिड्यांचा आणि पंख्याचा आवाज यंत्राच्या स्वतःच्या कुजबुजीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तेव्हा काठापर्यंत भरण्याने काहीच मिळत नाही. सर्वांत मोठा ठोका उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान आला की पुरे. कमी भरलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला जोडता येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पातळी सुधारायची म्हणजे यंत्राची कळ फिरवायची असे आपल्याला वाटते. पण ध्वनिमुद्रणाच्या आरंभी फिरवायला कळ नव्हतीच. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे टिपले, तेव्हा माईक नव्हता. एक मोठा कर्णा होता, त्याच्या टोकाशी सुई आणि सुईखाली मेणाची तबकडी. आवाज लहान-मोठा करायचा तो माणूस पुढे-मागे सरकवून. गायिका कर्ण्याच्या तोंडाशी, मोठ्या आवाजाचे वाद्य मागे. विजेवर चालणारा माईक ध्वनिमुद्रणात आला तो १९२५ च्या सुमारास. म्हणजे जवळजवळ पाव शतक तबकड्या केवळ बैठकीच्या मांडणीवर तयार झाल्या. ज्याच्याकडे एकच मोबाईल किंवा एकच माईक आहे, त्याला आजही तोच मार्ग खुला आहे.

त्यामागचे शास्त्र आठवी-नववीच्या मुलांना समजेल असे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. गाणारा माईकपासून अर्ध्या मीटरवर आणि झांजवाला दोन मीटरवर बसला, तर अंतर दोनदा दुप्पट झाले, म्हणून झांज १२ डेसिबलने खाली येते. खोलीत भिंतींवरून आवाज परतत असल्यामुळे हा उतार थोडा कमी पडतो, पण दिशा तीच. कोणतेही बटण न दाबता मिळणारा हा फरक फार मोठा आहे. माईक गाणाऱ्याच्या तोंडापासून दोन वितींवर, किंचित बाजूला ठेवावा. अगदी समोर धरला तर प, फ, भ या अक्षरांची फुंकर त्यावर आदळते. पेटी गाणाऱ्याच्या बाजूला. पखवाज किंवा तबला सव्वा-दीड मीटरवर. झांज आणि टाळ सर्वांच्या मागे.

घुमटाचा विचार वेगळा करावा लागतो. मातीच्या भांड्याचे हे वाद्य गोव्याची ओळख आहे आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचे कातडे चढवत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. घुमटाच्या थापेचा पहिला क्षण अतिशय तीव्र असतो आणि लगेच विरतो. जुन्या काट्याच्या मापकाला तो क्षण पकडताच येत नाही. काटा उठेपर्यंत थाप संपलेली असते. म्हणून मापक सर्वसाधारण पातळी दाखवतो की क्षणिक टोक, हे पाहून घ्यावे. टोक दाखवणाऱ्या मापकावरच विसंबावे. शिवाय मोबाईलचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो. घुमट अगदी जवळ वाजला तर पातळी मोजण्याआधी माईकच गुदमरतो आणि पडद्यावर लाल दिवा न लागताही आवाज फाटतो. यावर दोन मीटर दूर जाणे हाच उपाय.

हे सारे कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात मांडणी बदलणे म्हणजे माणसांना उठवणे. भजनात कोण कुठे बसतो याला मान असतो. आमच्या घरी बाबांचे अभंग टिपायचे ठरले, तेव्हा झांजेवर आमचे एक मामा होते. चाळीस वर्षे ते बाबांच्या उजव्या हाताला बसत आले. त्यांना मागे सरका असे कोण सांगणार? शेवटी माझी मुलगी पुढे झाली. ती म्हणाली, "मामा, तुमची झांज इतकी खणखणीत आहे, की भिंतीजवळून वाजवलीत तरी सर्वांत आधी तीच ऐकू येईल." मामांनी तिच्याकडे पाहिले, बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "सरक रे थोडा. आयुष्यभर तू वाजवलेस ते मी ऐकले, आज मी काय म्हणतो ते तू ऐक." सगळे हसले आणि मामा चटई उचलून मागे गेले. त्या संध्याकाळी तंत्राची बाजू जिंकली ती या एका वाक्यामुळे.

खोलीची निवडही पातळीच्याच हिशेबात धरावी. गुळगुळीत फरशी आणि उघड्या गिलाव्याच्या भिंती आवाज परतवतात. मग गाणारा दोन वितींवर असूनही दूर असल्यासारखा वाटतो आणि आपण उगाच पातळी चढवत बसतो. खाली सतरंजी, मागच्या दोरीवर दोन-तीन गोधड्या, शक्य असल्यास कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, एवढ्याने खोली बरीच शांत होते. फ्रीज आणि पंखा तेवढा वेळ बंद. मोबाईल विमानातल्या मोडवर, नाहीतर ऐन गजरात कुणाचा तरी फोन येतो. पावसाळ्यात कौलारू घरात सर पडली तर थांबण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या गावातून महामार्ग जातो आणि जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमानेही ये-जा करतात. म्हणून पहाटेची वेळ साधावी किंवा रात्री जेवणे आटोपल्यावर बसावे. लॅपटॉपवर टिपत असाल आणि मागे संथ गुणगुण ऐकू येत असेल, तर विजेची वायर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण कित्येकदा तेवढ्यानेच जाते.

पातळी ठरवायची ती नेहमी सर्वांत मोठ्या भागावर. पुष्कळजण गाणाऱ्याला "जरा गाऊन दाखवा" म्हणतात. तो संकोचाने अर्ध्या आवाजात एक ओळ म्हणतो, त्यावर पातळी ठरते आणि खरे भजन रंगले की सगळे काठाबाहेर सांडते. आपल्या भजनाचा क्रम आपल्याला ठाऊक आहे. अभंग शांतपणे सुरू होतो, गौळण येते आणि शेवटी गजरात सगळे एका सुरात उठतात. म्हणून आधी गजरच म्हणायला सांगावे, सगळ्या वाद्यांसह, पूर्ण जोमात. तेव्हाचे टोक उणे १२ च्या आसपास ठेवावे. प्रत्यक्षात उत्साहाने आवाज आणखी चढतो, त्याला जागा उरते. एकदा ठरले की मग शेवटपर्यंत कळीला हात लावू नये. मोबाईलवर टिपताना पातळी हाताने ठरवू देणारे ॲप घ्यावे, आपोआप राखण्याची सोय बंद करता येत असेल तर बंद करावी आणि शक्य तर वेव्ह स्वरूपात साठवावे. एमपी३ नंतर करता येते.

यानंतर संगणकावरचे काम. ऑडॅसिटी ही विनामूल्य प्रणाली २००० सालापासून उपलब्ध आहे आणि शाळेच्या संगणकावरही ती चालू शकते. मूळ ध्वनिमुद्रण तसेच ठेवून त्याच्या प्रतीवर काम करावे. पुढची-मागची रिकामी जागा कापावी. फार हळू आणि फार मोठ्या भागांतले अंतर थोडे कमी करायचे असेल तर कम्प्रेसर हलक्या हाताने वापरावा. नंतर सर्वांत मोठे टोक उणे १ वर येईल एवढा सगळाच आवाज उचलावा. यात जेवणातल्या मिठाचा नियम लक्षात ठेवावा, घालता येते, काढता येत नाही.

इथे मोह होतो तो आवाज आणखी मोठा करण्याचा. व्यावसायिक गाण्यांतही हा मोह वर्षानुवर्षे चालला. प्रत्येकाला आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठी वाजायला हवी होती, त्यापायी लहान-मोठेपणा चिरडला गेला. पुढे जाणवणाऱ्या आवाजाचे माप ठरवले गेले. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्यासाठी मोजण्याची पद्धत दिली आणि २०१० मध्ये युरोपच्या प्रसारण संस्थांनी उणे २३ ही सर्वसाधारण पातळी स्वीकारली. यूट्यूबवर आज फार मोठ्या आवाजात चढवलेले गाणे आपोआप उणे १४ च्या आसपास खाली आणले जाते. म्हणजे आरडाओरडा करून काही पदरात पडत नाही, फक्त गाण्याचा श्वास कोंडतो.

आपले कानही आपल्याला फसवतात. एकच गाणे किंचित मोठ्याने लावले की ते अधिक चांगले वाटते. आणि आवाज हळू असला की खर्जातले नाद आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. म्हणून रात्री घरचे झोपले असताना हळू आवाजात ऐकून "पखवाज कमी आहे" असा निकाल देऊ नये. बोलण्याच्या आवाजाएवढ्या पातळीवर, आधी हेडफोनवर आणि मग साध्या स्पीकरवर ऐकावे. दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा.

एवढ्या खटाटोपाचे मोल काय, असे कोणी विचारील. आपल्या गोव्याच्याच एका गायिकेचे उदाहरण देतो. फोंडा तालुक्यातल्या केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचा भैरवीतला गाण्याचा एक तुकडा १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घेतला गेला. तो साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबर १९७७ ला उड्डाण केले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गाणारी गेली, पण आवाज आंतरतारकीय अवकाशात प्रवास करतो आहे. कधीतरी कुणीतरी तो नीट टिपून ठेवला होता, म्हणूनच निवडणाऱ्यांपुढे तो आला. आपल्या घरचा आवाज अंतराळात जायला नको. तो नातवंडांपर्यंत पोहोचला तरी पुष्कळ झाले.

आमच्या घरी त्या संध्याकाळी बाबांचे सात अभंग आणि एक गौळण टिपली. माझी मुलगी हेडफोन लावून मापकावर नजर ठेवून होती. बाबांची एकच अट होती, "आवाज मोठा नाही झाला तरी चालेल, शब्द कळले पाहिजेत." ते शब्द कळतात. बाबांचा घसा आता बसला आहे. भजनाला ते येतात, मागे मामांच्या शेजारी बसून टाळ धरतात, पण गात नाहीत. वाड्यावरची दोन मुले त्या ध्वनिमुद्रणावरून बाबांची चाल बसवत आहेत. अडले की ती बाबांना विचारायला येतात आणि बाबा हाताने स्वराची चढ-उतार दाखवतात.

घरात जुन्या कॅसेटी असतील तर त्याही याच रीतीने संगणकावर उतरवता येतात. आधी टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसावे, कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवून सैल करावी, तिच्यातला सर्वांत मोठा भाग शोधून त्यावर पातळी ठरवावी आणि मग एका दमात पूर्ण बाजू उतरवावी.

मुलांनो, शेवटची एक सवय लावून घ्या. जुन्या काळी गौहर जान तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव सांगत. तबकड्या परदेशात तयार होत आणि तिथल्या कारागिरांना कोणाचे गाणे कोणते ते त्यावरून कळे, असे सांगतात. तुम्हीही ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव, गाणाऱ्याचे आणि साथीदारांचे नाव स्पष्ट बोलून घ्या. तीन प्रती करा आणि त्यातली एक नातेवाइकांच्या घरी ठेवा. मोठ्यांना विचारल्याशिवाय ती कुठेही पाठवू नका, गाणे त्यांचे आहे. येत्या चवथीला घरी गेलात की आजीला, आजोबांना, घुमट वाजवणाऱ्या काकांना दहा मिनिटे मागा. आजीला धालोची गाणी येत असतील तर त्यांपासून सुरुवात करा. त्या गाण्यांना ना झांज लागते ना पखवाज. माईक दोन वितींवर, पंखा बंद, टोक उणे १२ वर, आणि आजी गात असेपर्यंत कोणी बोलायचे नाही.